खरी वाक्यं, ताईचं स्थळ

खोटं बोललेलं मला सहन होत नाही. कौतुक म्हणून नाही सांगत, या स्वभावापायी माणसं मला टाळतात, आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाही." पण ऐंशीचं दशक संपता संपता आमच्या घरात एक खोटं शिरलं, आणि ते मला कळलं तेही इंग्रजीतून. त्याचा धक्का अजून पुरता उतरलेला नाही.

बारावी होऊन मी घरी बसले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसायची जागा होती, अट एकच, इंग्रजी बोलता यायला हवं. बदलापूरजवळच्या आमच्या बेलवलीत ते शिकवणारं कोण असणार? म्हणून उल्हासनगर स्टेशनबाहेर, कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर एक सिंधी सर क्लास घ्यायचे, तिथे जायला लागले. सरांना नावं लक्षात राहत नसत. जो ज्या स्टेशनवरून येई तेच त्याचं नाव. "शहाड, खडे हो जाओ." "विठ्ठलवाडी, तुम बोलो." मी बदलापूर.

सरांचं म्हणणं होतं की इंग्रज माणूस बोलताना मोठे शब्द वापरतच नाही. लहानसा शब्द घेतो आणि त्याला मागून शेपूट लावतो. गेट घेतला की गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. आम्ही मराठी शाळेतली मुलं मोठमोठे शब्द पाठ करून आलेलो, आणि या अप-डाउन-ऑफ-अवेपाशी आमची गाडी अडायची. सरांनी त्यावर उपाय काढला होता. रोज प्रत्येकाने उभं राहून दोन-चार वाक्यं बोलायची, शेपटीवाली, आणि तीही आपल्या घरात खरोखर घडलेली. पुस्तकातली नाहीत, बनवलेली तर मुळीच नाहीत. "झूठ बोलोगे तो पूँछ गलत लगेगी," असं ते म्हणायचे, आणि आम्हाला ते खरंच वाटायचं.

सुरुवातीला सगळे गुळमुळीत बोलायचे. विठ्ठलवाडीच्या बाईंचा गॅस रोज रन आउट व्हायचा. मी रोज अर्ली गेट अप करायचे. मग एक दिवस शहाड उभे राहिले. पन्नाशीकडे झुकलेले कामगार, बढतीसाठी इंग्रजी शिकत होते. म्हणाले, "आय फेल आउट विथ माय ब्रदर. ही मूव्हड आउट," आणि खाली बसून डोळे पुसायला लागले. मी थक्कच झाले. घरातलं बाहेर बोलू नये हे आमच्या सगळ्यांच्या हाडात मुरलेलं, पण इंग्रजीत बोललं की ते आपलं वाटतच नसे, शेजारच्या कुणाचं तरी सांगतोय असं वाटे. त्या दिवसापासून माळ्यावर सगळेच मोकळे झाले.

अंबरनाथ म्हणजे माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी मुलगी, बोलायला गोड. तिची वाक्यं एका लहान मुलीची असायची. "माय ब्रदर्स वाइफ पास्ड अवे. आय लुक आफ्टर हर डॉटर." पोर चार वर्षांची होती. ती कधी पायरीवरून फेल डाउन व्हायची, कधी दूध थ्रो अप करायची, आणि अंबरनाथ सांगायची की ती अगदी आईवर गेलीय, टेक्स आफ्टर हर मदर. आम्ही कुणी तिला पाहिलेलं नव्हतं, पण ती आमचीच झाली होती. अंबरनाथ यायला उशीर झाला की शहाड विचारायचे, बच्ची ठीक आहे ना? अंबरनाथ निघाली की सरांची बायको पोरीसाठी पापड बांधून द्यायची.

इकडे घरी ताईचं बघायचं चाललं होतं. बाबा नव्हते, सगळं मामा बघायचे. ताई बालवाडीत शिकवायची. सावळी, अबोल, आणि तिशीला टेकलेली. माणसं येत, पोहे खात, "कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. एका महाभागाने तर कळवलं की मोठी नको, धाकटी चालेल. त्या दिवशी ताई जेवली नाही. तेव्हापासून पाहुणे यायचे असले की मला शेजारच्या काकूंकडे पाठवून देत. मी गोरी, म्हणून मला लपवायचं. मला याची चीड यायची, पण ताईसाठी मी मुकाट्याने काकूंकडे शेंगा सोलत बसायचे.

त्या रविवारीही बसले होते. पाहुणे गेल्यावर घरी आले तर आई कपाळाला हात लावून बसलेली आणि ताई तोंडाला पदर लावून हसतेय. मुलाचे काका खाटेवर बसले आणि खाटेचा पाय मोडला. काका बशीसकट खाली. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण मामा खुशीत होते. मुलगा सुपरवायझर, आणि त्याने तिथल्या तिथे होकार दिला होता. पुढच्या आठवड्यात आपण त्यांचं घर बघून यायचं, मग ते तारीख धरायला येतील. ताई संध्याकाळी आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती, उगीचच, परत सोडून परत घालत होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दोन दिवसांनी क्लासला गेले. अंबरनाथ उभी राहिली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की आम्ही भावासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तुझ्याच बदलापूरला. मग तिने वाक्यं सुरू केली. "माय अंकल सॅट डाउन. द कॉट गेव्ह वे. ही फेल ओव्हर."

माळा हसून दुमदुमला. बदलापुरात खाटा काय कमी आहेत, असं मी मनाला सांगून पाहिलं, पण काकांच्या हातात बशी होती हेही ती सांगत होती.

सर हसत म्हणाले, "और बच्ची? उसको भी लेके गये?"

अंबरनाथ वाक्यं जुळवत गेली, कारण वाक्यं खरीच बोलायची होती. मुलीला वांगणीला तिच्या वडिलांच्या आत्याकडे ड्रॉप ऑफ केलंय. नव्या मुलीला तिच्याबद्दल काही माहीत नाही, पहिल्या लग्नाचंही नाही. ती घर बघायला येणार म्हणून वहिनीचा भिंतीवरचा फोटो टेक डाउन केला, पोरीची खेळणी पुट अवे केली. सांगायचं ते लग्नानंतर सांगणार, तोवर पुट ऑफ. "शी क्राइज. शी डझ नॉट फिगर आउट," ती पोरीबद्दल म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला.

एकही शेपूट चुकलं नव्हतं. सरांनी नुसतं "बैठो बेटा" म्हटलं. मग माझा नंबर होता. मी सांगितलं, आज माझ्याकडे वाक्य नाही.

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं, पहिलं लग्न, पोर, वांगणी, फोटो. मला वाटलं आईच्या हातातली भाकरी खाली पडेल.

"हळू बोल," आई म्हणाली. "ताई येईल एवढ्यात."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "बिजवर आहे हे त्यांनी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. पोर त्यांच्या वांगणीच्या आत्याकडे वाढेल. ताईला आत्ता सांगितलं तर ती नाही म्हणेल, आणि मग कोण येणार आहे तिच्यासाठी? झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न झालं की कळेलच."

अंबरनाथच्या माणसांनी फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे माझी आई, माझे मामा. लग्न जिचं, तिलाच तेवढं ठाऊक नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी न जेवता उठले.

ताईला मी त्याच संध्याकाळी विहिरीवर गाठून सांगितलं. तिने कळशी काठावर ठेवली. रडेल, चिडेल, असं मला वाटत होतं. तिने विचारलं, "नाव काय तिचं?" मला ठाऊक होतं, मी सांगितलं. "आणि झोपते कुणापाशी?" मी म्हटलं, वांगणीच्या आत्यापाशीच असेल. ताईने कळशी उचलून कमरेवर घेतली आणि चालायला लागली. घर बघायला ती गेली, आली, चकार शब्द बोलली नाही. मला तिचं काही कळेना. हिला राग कसा येत नाही, याचाच मला राग येत होता.

तारीख धरायला पाहुणे आले त्या दिवशी आईने मला नेहमीसारखं काकूंकडे जायला सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मांडी ठोकून बसले. म्हटलं, आता उचलून न्या मला. पाहुणे दारात आले, तो वाद तिथेच थांबला.

मुलाच्या मागून अंबरनाथ आत आली. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने मान वर केली नाही.

ताई चहा घेऊन आली. ट्रे मुलासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. "मुलीला नाही आणलंत?" तिने विचारलं. आवाज साधा होता, बालवाडीतल्या एखाद्या पोराच्या आईला विचारावं तसा.

आईने पदर तोंडाला लावला. मुलाने मामांकडे पाहिलं. मामांनी मान किंचित हलवली, नाही म्हणून. मग तो ताईकडे वळला.

"कोण मुलगी?" तो म्हणाला.

अंबरनाथ हुंदके देऊन रडायला लागली. ताईने ट्रे खाली ठेवला.

"मी तिच्यासकट हो म्हणायला आले होते," ताई म्हणाली. "आता नाही."