बाराचा अलार्म

फोन वहिनीच्या नंबरवरून आला, पण आवाज वेदाचा होता. मी बँकेत काउंटरवर बसले होते, समोर रांग. "आत्या, बाबा उठत नाहीयेत ग," एवढंच ती म्हणाली. वेदा म्हणजे माझ्या मधल्या भावाची, रघूअण्णाची, एकुलती एक लेक. मी रिक्षा करून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जवळच्या वरुणा गावाहून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना अण्णा कन्नडमध्ये समजावत होता, "अहो, मुलीला विचारा, मला काय विचारता?" मग जरा थांबला, पाणी मागितलं आणि तसाच खुर्चीत कलंडला. ते बिचारे गृहस्थ दाराशी उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. मला मात्र रडू येईना. मला राग आला होता... आणि खरं सांगते, तो अजून गेलेला नाही.

अण्णा पीयू कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, पण म्हैसूरला तो त्याच्या बाहेरच्या खोलीमुळे जास्त माहीत होता. मे महिना उजाडला की सेकंड पीयू, म्हणजे बारावी, संपवलेल्या पोरांची तिथे रीघ लागायची. प्रवेश परीक्षा झालेली, रँक हातात आलेली, आणि आता कोणता कोर्स आधी लिहायचा, कोणता नंतर, या विचाराने तोंडं सुकलेली. अण्णा आधी आईबापांना व्हरांड्यात घालवायचा. वहिनी त्यांना कॉफी द्यायची, दार लावून घेतलं जायचं आणि मग तो पोराला विचारायचा, "आता खरं बोल. मार्कांचं सोड, आवडतं काय?" अर्धी पोरं इथेच रडायची. मिळेल ते वर टाकायचं नाही, आवडेल ते वर टाकायचं, हा त्याचा हट्ट. दुसरा हट्ट राहुकाळाचा. आमच्या म्हैसुरात राहुकाळ बघितल्याशिवाय कुणी साधं कुकरही विकत आणत नाही, तिथे प्रवेशाच्या पोर्टलवर पोरांच्या आयुष्याचं बटण कोण दाबणार! अण्णा मुद्दाम राहुकाळातच दाबायला लावायचा. "अरे, सगळं गाव थांबलेलं असतं, सर्व्हर रिकामा असतो. राहू आपल्या बाजूने आहे, दाब!" असं म्हणून स्वतःच गडगडून हसायचा. फोनवर त्याने रोजचा बाराचा अलार्म लावून ठेवला होता. तारखा कधी बदलतील याचा नेम नाही, म्हणून रोज दुपारी बाराला पोर्टल उघडून बघायचं. बाराला बघितलं तर पाचच्या आत काहीतरी करता येतं, हा त्याचा हिशोब. अलार्म वाजला की "वेदा, पोर्टल बघ!" असं ओरडत जेवणाच्या पानावरून उठायचा. वहिनी वैतागायची, "अय्यो, सुम्ने, गपचूप जेवा की हो आधी!" पण तो काही बसायचा नाही.

वेदाचं मन कशात आहे हे मात्र त्याला विचारावं लागलं नाही. ती नववीत असताना अण्णा तिला घेऊन वरुण्याला एका विद्यार्थ्याच्या घरी गेला होता. तिथे गाय अडली होती. ढोरांचा डॉक्टर आला, हात घालून त्याने वासरू फिरवलं, दोरी बांधली आणि ओढलं. आणि आमची ही कन्या गायीची शेपटी धरून उभी. परत आली ती शेणामातीने बरबटलेली. वहिनीने नाक दाबलं. ही म्हणाली, "बाबा, मला हेच करायचंय." पहिल्या वर्षी रँक थोडक्यात हुकली. आमचा बेंगळुरूला राहणारा थोरला भाऊ, दादा, तेव्हा म्हणाला होता की कॉम्प्युटर मिळतंय तर घेऊन टाका, जनावरांत काय ठेवलंय. अण्णाने त्याचं ऐकून घेतलं आणि वेदाला विचारलं. ती म्हणाली, पुन्हा बसते. वर्षभर त्या पोरीने लग्न नाही, सिनेमा नाही, दसऱ्याची रोषणाई नाही, काही बघितलं नाही. गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करायची, आणि अण्णा खालून ओरडायचा, "हळू, शेजारची म्हातारी पण पास होईल!" या वर्षी रँक चांगली आली. पर्यायांत तिने पशुवैद्यकीय सगळ्यात वर लिहिलं, भर राहुकाळात बटण दाबलं, आणि निकालाची वाट बघत असतानाच हे झालं.

निकाल सुतकात लागला. शेवटच्या फेरीत वेदाला पशुवैद्यकीयची सरकारी जागा मिळाली होती. अण्णाच्या एका जुन्या विद्यार्थिनीने येऊन सांगितलं, आणि घरात कुणाला काय करावं कळेना. तोंड गोड करायचं नाही, देवापुढे दिवा नाही, साखर ठेवायची नाही. वहिनीने फक्त वेदाला जवळ घेतलं आणि दोघी फोटोपुढे बसून राहिल्या. आता एवढंच करायचं होतं, की पोर्टलवर जाऊन जागा स्वीकारते म्हणून कळवायचं, फी भरायची आणि प्रवेशपत्र उतरवून घ्यायचं. शेवटची तारीख दहाव्याच्या दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. त्यासाठी लागणारा ओटीपी अण्णाच्या फोनवर यायचा आणि फोन दादाच्या खिशात, कारण सांत्वनाचे फोन तोच घेत होता. मी म्हटलं, दादा, दे फोन, आत्ता करून टाकू. दादा म्हणाला, "कुसुम, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाप जाऊन चार दिवस नाही झाले, आणि पोरीच्या आयुष्याची सुरुवात सुतकात करायची? तेराव्याला शुभस्वीकाराचं गोडाचं जेवण होऊ दे, मग पहिलं काम तेच. मुदत वाढवतात ग ते. रघूच सांगायचा ना, दर वर्षी वाढवतात म्हणून?" सांगायचा, हो. घाबरलेल्या पोरांना धीर यावा म्हणून सांगायचा. हात बांधून बसा असं नव्हता सांगत! मी भांडले. वहिनी म्हणाली, "वन्सं, आता नको हो... थोरले म्हणतात तसं होऊ दे." मी रोज भांडले आणि रोज हरले.

दहाव्याला आम्ही तिरुमकूडलच्या संगमावर गेलो. ऊन चढलं होतं. पिंड ठेवला, सगळे मागे सरलो, आणि कावळा येईना. झाडावर बसलेले दिसत होते, पण एकही खाली उतरेना. दादाने हात जोडले. "रघू, तुझ्या बायकोला एकटं पडू देणार नाही." कावळे तसेच. "घर सांभाळीन." काही नाही. मग दादाचा आवाज फुटला. "रघू, तुझ्या पोरीला आम्ही शिकवू रे. तिला पाहिजे ते शिकवू. जा आता." आणि तेवढ्यात त्याच्या खिशात अण्णाचा फोन वाजला. बाराचा अलार्म. दादाला तो बंद करता येईना, ओल्या हातांनी नुसता दाबत राहिला. वेदा पुढे आली, तिने फोन हातात घेतला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि बंद केला. पाठोपाठ कावळा उतरला, पिंडाला शिवला. बायका रडायला लागल्या, दादाने नमस्कार केला, सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. मी वेदाकडे बघत होते. फोन अजून तिच्या हातात होता, पाच वाजायला अजून अवकाश होता. तिने तो दादाला परत दिला.

गाडीत मी शेवटचं तोंड टाकलं. म्हटलं, दादा, आत्ताच शब्द दिलास ना त्याला? दादा म्हणाला, दिलाय, आणि पाळणार आहे, तेराव्यानंतर. सोसले गावाच्या फाट्याजवळ तो मला म्हणाला, की तू फार शिकलीस, त्यामुळे तुला धीर राहिला नाही. पाच वाजले तेव्हा आम्ही घरी अंघोळी करत होतो.

मुदत वाढली नाही. शुभस्वीकाराच्या दिवशी पंचपक्वान्नांची पानं उठली, दादाने नवं धोतर नेसून मोठ्या मनाने फोन काढला, आणि पोर्टलवर वेदाची जागा रद्द झालेली. तो ऑफिसात जाऊन आला, हातापाया पडून आला. मृत्यूचा दाखला दाखवला. तिथल्या बाई चांगल्या होत्या म्हणे, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण जागा पुढच्या मुलाला गेली होती. त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलत नाही, आणि मला वाटतं, स्वतःशीही बोलत नसावा. बेंगळुरूला परत जाताना पायऱ्यांवर बसून हमसून हमसून रडला. तो वाईट माणूस नाही हो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आता अण्णाची बाहेरची खोली बंद असते. वेदाला तिसऱ्यांदा बसण्याबद्दल कुणी विचारत नाही, ती कुणाला काही सांगत नाही. गच्चीवर जात नाही. मी काल गेले तेव्हा ती त्या खोलीत, अण्णाच्याच खुर्चीत बसली होती. मी न राहवून विचारलं, "घाटावर फोन तुझ्या हातात होता ना ग, राजा? का दिलास परत?"  ती म्हणाली, "आत्या, अलार्म वाजल्यावर बाबा ओरडायचे ना, 'वेदा, पोर्टल बघ!' म्हणून... मी थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. कुणीच ओरडलं नाही ग."

आत वहिनीने पानं घेतली होती. आम्ही तिघी जेवायला बसलो आणि बारा वाजले. अण्णाचा फोन वहिनी रोज चार्ज करून फोटोपाशी ठेवते, तो वाजायला लागला. वेदाचा हात भातात तसाच राहिला. कुणी उठलं नाही, कुणी बंद केला नाही. वाजून वाजून तो आपोआप थांबला, आणि मग वहिनी हलकेच म्हणाली, "जेवा."