शकूच्या हडळीचे केस

मंडळी, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट चाललाय.

माझी लेक तिसरीत आहे. पुस्तक दिसलं की हिचं पोट दुखतं. मी हौसेनं आणलेली पुस्तकं कपाटात नवीकोरी पडलीत. आज माझी बालमैत्रीण शकू घरी आली, स्वतः लिहिलेलं भुताचं पुस्तक घेऊन. लेकीला चार पानं वाचून दाखवली, ऐन भीतीच्या जागी पुस्तक मिटून तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "चला, मला बावड्याची एसटी गाठायचीय."

जेवायला हाक मारली तर लेक म्हणते, "आई, गप की. वाचतीय."

शकूची ही खोड जुनी. नव्वदच्या दशकात वालचंदनगरच्या क्वार्टर्समागं ती आम्हाला उसातल्या हडळीची गोष्ट सांगायची आणि कारखान्याचा भोंगा झाला की अर्ध्यातच उठून जायची. मला झोप लागायची नाही. म्हणून मीच शेवट रचला आणि शाळेच्या वाटेवर तिला सांगितला. हडळ पोरीला म्हणते, माझी वेणी घाल. पोरगी घालत राहते, पण केस काही संपत नाहीत.

संध्याकाळी वेणी घालायला बसली तेव्हाही लेकीच्या मांडीवर तेच पुस्तक. "शकूमावशी लई भारी हाय, आई. तिच्या हडळीचं केस संपतच न्हाईत."

अगदी ओठावर आलं होतं. पण शेवट आईचा निघाला म्हणून तिची भीतीच गेली आणि तिनं पुस्तक मिटलं तर?

तुम्ही बोलला असता, का मुकाट वेणी घातली असती?