चौघींना पुरेल असा नाच

"शांता, नव्वद सालचं सगळं गेलं कुठे?"

सकाळी सकाळी ग्रॅहॅमचा फोन. ग्रॅहॅम म्हणजे आमच्या डान्स क्लबचा सेक्रेटरी. मी लॅपटॉप उघडून बघितलं. खरंच तिथे काही नव्हतं.

म्हटलं, "काल मॉयराने हलवायला सांगितलं."

"मॉयराने? आणि मला कोणी विचारायचं?"

मॉयरा क्लबची प्रेसिडेंट. ह्या दोघांत मोठं कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्याचा फोन शेवटचा यायचा त्याचं मी ऐकायचे.

पहिल्यापासून सांगते. मी मेलबर्नला, पॉइंट कुकला मुलाकडे राहते. शाळा चौथीपर्यंत. इथे एका हॉलची साफसफाई करायचे. दर आठवड्याला तिथे गोरी म्हातारी माणसं स्कॉटलंडचे नाच करायला यायची. पुरुष एका रांगेत, बायका समोरच्या रांगेत. पुरुष कमी पडले की बायकाच तिकडे उभ्या राहायच्या. एका नाचाला बहुतेक वेळा चार जोड्या लागतात. वरची जोडी नाचत नाचत खाली जाते, मग दुसरीची पाळी. कोणी कुठून वळायचं ते सगळं ठरलेलं. एक चुकला की सगळे एकमेकांवर आपटतात आणि हसतात. मला वाटायचं, ह्यापेक्षा आपली फुगडी बरी. दोघींनी हात धरायचे आणि फिरायचं.

लॉकडाऊन लागला, हॉल बंद झाला, माझं काम गेलं. तेव्हा ग्रॅहॅमने विचारलं, "घरी बसून कॉम्प्युटरवर काम करशील?" मी म्हटलं, "इंग्लिश येत नाही फार." तो म्हणाला, "No worries, नावं जुळवायचीत फक्त." जुळवायचं काम मला नवीन नव्हतं. मुंबईत औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासायचे. अर्थ कळला नाही तरी अक्षर चुकलेलं दिसतं.

काम असं. ह्या नाचांची एक वेबसाइट आहे, जगातल्या सगळ्या नाचांची नावं तिथे. एका संध्याकाळी कुठले नाच झाले त्याची करायची एक लिस्ट. क्लबकडे असले जुने कागद कपाटभर होते. कागदावरचं नाव बघायचं, वेबसाइटवर तेच शोधायचं, क्लिक करायचं. मग अशा बऱ्याच लिस्ट एकत्र ठेवायच्या, त्याला म्हणतात कलेक्शन. माझी सून प्राजक्ता, तिने मला माऊस धरायला शिकवलं. ती शेजारच्या खोलीत तिच्या ऑफिसच्या मीटिंगा करायची, मी डायनिंग टेबलवर माझं.

हे आरामात चाललं होतं. मग उनाचं झालं.

ते कपाटातले कागद बहुतेक उनाच्या हातचे. तीच क्लबची जुनी टीचर. हॉलच्या कामाला मला तिनेच लावलेलं. बोलायला फटकळ. मी पुसलेल्या फरशीवर बोट फिरवून बघायची, पण ख्रिसमसला पहिला केक मला द्यायची. म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये राहायला गेली होती आणि करोनामुळे होमचं दार बंद. कोणी आत जायचं नाही. मॉयराला तिथल्या नर्सने सांगितलं, उना खोलीतून बाहेर येत नाही, जेवण तसंच परत पाठवते. असंच चाललं तर फार दिवस काढायची नाही. एकच मागते, "माझ्या डान्सच्या लिस्ट पाठवा."

क्लबवाले सगळे घाबरले. शनिवारी होमच्या गेटवर पाकीट द्यायला परवानगी होती, त्याच्या आत करायचं ठरलं.

ग्रॅहॅम म्हणाला, "सालाप्रमाणे लाव. तिला तिचं आयुष्य ओळीने दिसेल." मी सालाप्रमाणे लावलं. मॉयरा म्हणाली, "साल कोणाच्या लक्षात असतं? बॉलचं वेगळं, क्लासचं वेगळं, तसं कर." बॉल म्हणजे त्यांची वर्षातली मोठी पार्टी. मी साल काढलं, तसं लावलं. मग ग्रॅहॅमचा फोन. परत सालाप्रमाणे. तो आठवडा मी हेच करत होते. इथून काढ, तिथे घाल. मला वाटायचं ह्यांना काहीतरी कळत असेल, मलाच कळत नाहीये.

त्याच आठवड्यात सांगलीला माझी मोठी जाऊ गेली. विमानं बंद. व्हिडिओवर बघितलं, आंघोळ केली, परत लॅपटॉपसमोर बसले. दुसरं काय करणार? हात चालू होते ते बरं होतं.

नव्वद सालचा तो फोन मी ठेवला तेव्हा प्राजक्ता चहा करायला बाहेर आली होती. म्हणाली, "आई, तुम्ही लिस्ट तिथून काढताय का?"

"मग? काढल्याशिवाय दुसरीकडे कशी जाईल? हळद एका डब्यातून काढल्याशिवाय दुसऱ्यात येते का?"

"अहो, हळद नाहीये ही. एकच लिस्ट दहा ठिकाणी राहू शकते. काढायचीच नाही. नुसतं ॲड करायचं."

मला पटेना. तिने करून दाखवलं. एक लिस्ट सालात पण दिसली आणि बॉलमध्ये पण दिसली. मी परत परत बघितलं. एक वस्तू दोन ठिकाणी, आणि वस्तू एकच. अजून मला ते पूर्ण कळलेलं नाही. पण केलं तसं. दुपारपर्यंत ग्रॅहॅमचं पण झालं, मॉयराचं पण.

संध्याकाळी झूमवर मीटिंग ठेवली. नर्सने उनासमोर टॅबलेट धरला. उना पलंगावर बसलेली, निम्मी झालेली. केस विंचरलेले नव्हते. हॉलमध्ये ती लिपस्टिक लावल्याशिवाय यायची नाही.

ग्रॅहॅमने सगळं स्क्रीनवर दाखवलं. हे साल, ते साल. मॉयराने तिचं दाखवलं. उना बघत होती. मला वाटलं रडणार आता.

ती म्हणाली, "ह्यात चौघींचं कुठे आहे?"

ग्रॅहॅमने स्क्रीन वरखाली करून बघितली.

"चौघींचं?" ग्रॅहॅम म्हणाला.

"आम्हाला आमच्या कॉरिडॉरच्या बाहेर सोडत नाहीत. कॉरिडॉरमध्ये आम्ही चौघी. त्यातली एक वॉकरवर. तुम्ही मला आठ जणांचे नाच दाखवताय. मी काय नर्सेसना धरून आणू?"

नर्स मागून म्हणाली, "मला नाही यायचं हां!"

मॉयरा म्हणाली, "उना, आम्हाला वाटलं तुला जुन्या आठवणी…"

"आठवणी माझ्याकडे आहेत. मला नाच हवेत."

मग ग्रॅहॅम आणि मॉयराचं परत सुरू झालं, हे आधी कोणी विचारायला हवं होतं म्हणून. उना ओरडली, "शांता! तू आहेस ना तिथे? नवीन कलेक्शन काढ."

मी काढलं. वेबसाइट नाव मागत होती. उना म्हणाली, "लिही, कॉरिडॉर."

आता कागद आठ जणांचे, त्यात चौघींचं शोधायचं कसं, मला काही सुचेना. प्रत्येक नाचापुढे किती जोड्या ते वेबसाइटवर बारीक लिहिलेलं असतं, ते ग्रॅहॅमने दाखवलं. दोन जोड्यांचे तेवढे तो वाचायचा, उना निकाल द्यायची. "नको. ह्यात पळायचंय." "नको. वॉकर वळणार नाही." "हा चालेल, पण हळू." एका नावावर म्हणाली, "हा घेतलात तर मी आजच मरेन." मॉयरा म्हणाली, "तो मी बसवलेला आहे." उना म्हणाली, "म्हणूनच."

मोजकेच राहिले. त्याची लिस्ट केली, प्रिंट काढली. शनिवारी मॉयराने ती गेटवर दिली.

पुढचं नर्सकडून मॉयराला आणि मॉयराकडून मला कळलं. एकमेकींचे हात धरायला मनाई होती, म्हणून स्कार्फची टोकं धरून नाचल्या. उनाला उभं राहवत नव्हतं, ती खुर्चीवरून ओरडत होती. ओरडायला ताकद हवी म्हणून जेवायला लागली, असं नर्सचं म्हणणं. मग एक दिवस उठून नाचली पण.

थंडी संपता संपता वॉकरवाली गेली. करोनाने नाही, वयाने. क्लबमध्ये सगळे परत घाबरले, आता उना दार लावून घेणार. दोन दिवस तिने लावून घेतलंच. तिसऱ्या दिवशी तिचा थेट मला फोन.

"शांता, तिघींचे नाच असतात. शोध."

मी शोधले. असतात.

हॉल उघडल्यावर मी परत मॉप धरला. क्लबचं लिस्टचं काम अजून माझ्याकडेच आहे. कोणी नवीन कलेक्शन सांगितलं की मी आधी विचारते, हे वापरणार कोण, त्यांचा फोन नंबर द्या. ग्रॅहॅमला राग येतो. पण देतो.