थायलंडातला लासुर्णे फाटा

फेब्रुवारीची अठरा तारीख, मंगळवार. रक्कम अठरा रुपये. हजर होतो मी, माझे वडील, माझे चुलते आणि खाकी कपड्यातला एक कंडक्टर.

आम्ही भवानीनगरहून लासुर्ण्याला मुलगी बघायला निघालो होतो. बारामती-इंदापूर गाडीत चढलो, बसलो, आणि चुलत्यांनी कंडक्टरला ओळखलं. ज्या मुलीला बघायला निघालो होतो, तिचे हे वडील. चुलते मोठ्यानं हसले. "अहो तात्या, आमी तुमच्याच घरी निघालोय की!" कंडक्टरनं ट्रेमधून तीन तिकिटं ओढली, पंच केली आणि चुलत्यांच्या हातात दिली. "घरी च्या फुकट हाय. हितं सहा रुपये शीट."

चुलत्यांनी अठरा रुपये मोजून दिले. उरलेल्या रस्त्यात ते तिकिटं उलटसुलट करून बघत राहिले. माझे वडील मात्र उतरताना माझ्या कानात म्हणाले, "पोरीचं मागनं बघू. सोयरा सरळ हाय." तात्या आमच्याबरोबर उतरले नाहीत. गाडी इंदापूरला पोचवून, डेपोत हिशेब देऊन ते परत येईपर्यंत अडीच तास गेले. तोवर पोहे दोनदा गरम झाले. मुलगी म्हणजे सुनीता. पुढं ती माझी बायको झाली आणि तात्या माझे सासरे.

तात्यांनी तेहतीस वर्षं कंडक्टरकी केली. बोलण्याआधी काहीतरी वाजवायची त्यांना सवय होती. गाडीत पंचानं दांडीवर टकटक करत, घरी वाटीवर, खाटेच्या पाट्यावर, काही नसलं तर पाण्याच्या तांब्यावर. टकटक झालं की घरातले सगळे गप्प बसत. सुनीता नववीत असताना एकदा तिचा पास घरी राहिला. बापाचीच गाडी, म्हणून ती निवांत खिडकीशी बसली. तात्यांनी भरल्या गाडीत तिच्यासमोर तिकीट फाडलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढून चामड्याच्या पिशवीत टाकले. मैत्रिणी हसल्या. सुनीता दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनी ताटावर टकटक केलं. "बापाची गाडी म्हून कुठली गाडी नसती, बाई. गाडी कुणाची? जो टायमाला फाट्यावर उभा राहील, त्याची."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. त्याचा अर्थ मला कळला तो पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही थायलंडात.

मी साखर कारखान्यात केमिस्ट. लहानपणी उजव्या डोळ्याला विटी लागली, त्यामुळे मला लायसन मिळालं नाही आणि मी गाडी कधी चालवली नाही. भवानीनगरला राहून ते अडलंही नाही. घरातून कारखाना दिसायचा. मग थायलंडातल्या एका कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर नोकरी मिळाली आणि मी, सुनीता आणि अकरा वर्षांची आर्या असे आम्ही तिकडे गेलो. कारखान्यानं दिलेलं घर चांगलं होतं. दारात आंब्याचं झाड, तिन्ही बाजूंनी ऊस. बाजार चार किलोमीटर. मला न्यायला कारखान्याची बस येई, आर्याला शाळेची व्हॅन. सुनीताला न्यायला काहीच येत नसे.

शेजारी एका इंजिनिअरचं कुटुंब होतं. त्यांच्याकडे मोटार होती आणि शेजारीणबाई सुनीताला आठवड्यातून एकदा बाजारात नेत. बाई वाईट नव्हत्या, पण एकदा सहज म्हणून गेल्या, "तुमची कोथिंबीर काही संपत नाही बाई, माझं पेट्रोल संपतं." घरी आल्यावर सुनीता मला म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडीत बसलं की आपली पिशवी आपल्याच मांडीवर धरावी लागते. खाली ठेवायची पण हिंमत होत नाही." डिसेंबरात तिनं निर्णय सांगितला. तात्या जानेवारीच्या शेवटाला दोन महिने राहायला येणार होते. मार्चअखेर ते परत जातील तेव्हा ती आणि आर्या त्यांच्याबरोबर जातील, आर्या बारामतीच्या शाळेत जाईल, आणि करार संपेपर्यंत मी एकटा राहीन. "उसातनं उठून उसातच आले," ती म्हणाली. "पण तिथं फाट्यावर उभं राहिलं तर एसटी तरी येते."

मी त्याच रात्री परतीची तीन तिकिटं काढली. दोन वर्षं मुलगी दिसणार नाही, याचा हिशेब मला कुठल्याच बाजूनं जुळवता येत नव्हता.

तात्या आले. विमानाबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "एक पण मानूस उभा न्हाय, पाव्हणं. ह्यांना परवडतं कसं?" दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात असताना ते चालत मोठ्या रस्त्यावर गेले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "आवो, हितं गाडी हाय की!"

गाडी म्हणजे सोंगथाव. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी आणि वर छप्पर असलेलं पिकअप. मी रोज बसच्या खिडकीतून ती पाहत होतो. त्यावरच्या पाट्या थाई लिपीत, थांबा कुठंच लिहिलेला नाही, वेळापत्रक नाही. म्हणून वर्षभरात मी तिच्यात बसलो नव्हतो. तात्यांना पाटी वाचता येत नव्हतीच. त्यांनी गाडीला हात केला.

पहिल्या फेरीत त्यांची फजिती झाली. गाडीत दोनच जागा दिसल्या म्हणून त्यांनी लांबूनच खांद्यावरचा टॉवेल आत बाकड्यावर टाकला. आपल्याकडं जागा अशीच धरतात. आतल्या एका बाईनं टॉवेल उचलला, नीट घडी घातली, खाली उतरून दोन्ही हातांनी तात्यांना परत दिला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी पुन्हा टाकला, तिनं पुन्हा आणून दिला. तिसऱ्यांदा सगळी गाडीच हसायला लागली आणि दोन्ही बाकड्यांवरची माणसं सरकून बसली. "टावेल टाकायचं कारनच न्हाय हितं," तात्या रात्री जेवताना सांगत होते. "न सांगता सरकत्यात. तेहतीस वर्सं मी 'म्होरं सरका' म्हनून घसा फोडला!"

दुसरी गोष्ट त्यांच्या पचनी पडायला आठवडा लागला. तिथं कंडक्टर नसतो. आधी बसायचं, उतरल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन दहा बाथ द्यायचे. "तिकिटाबिगर मानूस बसतंयच कसं?" तात्या चढण्याआधीच पैसे द्यायला जात, ड्रायव्हर हातानं 'नंतर, नंतर' करी. मग तात्या मागं बसून उतरणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवत. आठवड्यानं त्यांनी मला अहवाल दिला: एकही माणूस फुकट गेला नाही. जुन्या गाड्यांतली बेल बिघडलेली असे. उतरायचं असलं की लोक नाण्यानं छपराच्या दांडीवर वाजवत. हे पाहिल्यावर तात्यांनी त्या देशाला माणसांत घेतलं. टकटक केली की गाडी थांबते, म्हणजे परका मुलूख नाही.

महिन्याभरात त्यांनी सगळा रस्ता पालथा घातला आणि एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं वेळापत्रक लिहिलं. मी प्रयोगशाळेतला माणूस, म्हणून दोन रविवारी घड्याळ घेऊन ते तपासलं. सगळ्यात मोठी चूक सहा मिनिटांची निघाली. पण खरी करामत वेळांची नव्हती. थाई नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी थांब्यांना आपल्याकडची नावं दिली होती. कारखाना म्हणजे भवानीनगर. आमच्या घराचं वळण म्हणजे लासुर्णे फाटा. बाजार म्हणजे निमगाव केतकी. तिथं गाडी बदलायची. आणि पस्तीस किलोमीटरवरचं जिल्ह्याचं गाव म्हणजे इंदापूर. आर्यानं विचारलं, "मग बँकॉक म्हणजे बारामती का, आजोबा?"

"छ्या!" तात्या म्हणाले. "बारामती एकच."

सुनीता कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी राहिली. तो रस्ता तिनं शाळा-कॉलेजात सात वर्षं केला होता. लासुर्ण्याहून निमगावला जायला तिला कोण कशाला हवं? दुसऱ्या दिवशी ती एकटी निमगावला गेली आणि कोथिंबिरीच्या सहा जुड्या घेऊन आली. घरात दोनही लागत नव्हत्या. चार जुड्या तिनं शेजारीणबाईंना दिल्या.

तरी तिकिटं तीनच होती.

तिच्या आणि आर्याच्या मुक्कामाची मुदत मार्चच्या मध्याला संपत होती. पुढं राहायचं असेल तर जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत स्वतः जाऊन शिक्का घ्यायचा. कारखान्यानं कागद तयार करून दिले होते. सुनीतानं ते कपाटात टाकले होते. मुदतीला दोन दिवस उरले असताना सकाळी तिनं मला विचारलं, "ते कागद कुठल्या कप्प्यात आहेत?"

मी कप खाली ठेवला. "कारखान्याची गाडी गुरुवारी जाते," मी म्हणालो. "तोवर मुदत संपेल. मी साहेबांना विचारतो, एखादी—"

"गाडी फाट्यावर येते," सुनीता म्हणाली. "आठ वीसची. तात्या, तुम्ही येताय ना?"

तात्यांनी कपावर चमचा वाजवला. "मी कशाला? मी रिटायर मानूस. आता डूटी तुझी."

"आणि चुकले तर?"

"चुकलीस तर इंदापूरला जाशील न्हायतर भवानीनगरला. तिसरीकडं जातीय कुठं गाडी?"

मायलेकी गेल्या. गाळप जोरात होतं, मला सुट्टी नव्हती. रसातली साखर मोजायचं माझं रोजचं काम, वीस वर्षांत आकडा चुकला नव्हता; त्या दिवशी दोनदा चुकला. साडेपाचला मी फाट्यावर उतरलो तेव्हा तात्या तिथंच दगडावर बसलेले होते. चार वाजल्यापासून. "मला डूटी न्हाय," ते म्हणाले. "आपला हवा खातुय."

दोन गाड्या थांबल्या, त्यांत त्या नव्हत्या. शेवटची गाडी सहा दहाची. सहा दहा झाले. सहा बारा झाले. तात्यांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग उसाच्या वळणाआडून, गाडी दिसायच्या आधी, दांडीवर नाण्याची टकटक ऐकू आली. ठसठशीत, तात्या वाजवतात तशी. तात्या माझ्याकडं न बघता उठले. "पोरगी आली," ते म्हणाले.

सुनीता उतरली, आर्याला उतरवलं, ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन पैसे दिले आणि मग आमच्याकडं वळली. "एक वर्षाचा शिक्का," ती म्हणाली. "दुपारी कचेरी जेवायला बंद होती, म्हणून उशीर. आम्ही पायरीवर बसून चपाती खाल्ली. साहेबानं विचारलं, गाडी कुठं लावलीय? मी म्हटलं, आमची गाडी कुठं लावावी लागत नाही."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच आठवड्यात मी तीनपैकी दोन तिकिटं रद्द केली. आणि एका सकाळी शेजारीणबाई पिशवी घेऊन दारात आल्या. त्यांची मोटार नवरा घेऊन गेला होता. "मला पण दाखवा ना ते तुमचं निमगाव."

करार पुरा करून आम्ही भवानीनगरला परत आलो. तात्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. ते कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि आम्ही अजून मोटार घेतलेली नाही. पण तात्या आठवतात ते थायलंडातून परत निघाले त्या सकाळचे.

मी रजा घेतली होती. आम्ही चौघं आठ वीसच्या सोंगथावनं बाजारापर्यंत निघालो. तिथून बँकॉकची व्हॅन. ड्रायव्हर म्हातारा होता. तिथं म्हाताऱ्या माणसाला लुंग म्हणतात, म्हणजे काका. दोन महिन्यांत तात्यांची आणि त्याची एकाही शब्दाविना दोस्ती झाली होती. तात्यांनी कधीतरी खुणांनी त्याला तिकीट फाडून दाखवलं होतं, पिशवी दाखवली होती. बाजार आल्यावर सुनीतानं दांडीवर टकटक केली. सगळे उतरलो. तात्यांनी खिशात हात घातला, पण लुंगनं खिडकीतून बोट केलं, आधी तात्यांकडं, मग स्वतःच्या छातीकडं, आणि मान हलवली. आपण दोघं एकाच धंद्यातले, तुमचे पैसे नकोत. मग सुनीताला तीन बोटं दाखवली. तिघांचे.

तात्या सुनीताकडं बघत राहिले. त्या क्षणी ते कंडक्टर नव्हते, पास घरी विसरलेलं पोर होतं.

सुनीतानं चार बोटं वर केली. "चार फुल," ती मराठीतच म्हणाली. "बापाची गाडी म्हणून कुठली गाडी नसते."

लुंगला शब्द कळला नसेल, बोटं कळली. त्यानं तात्यांना नमस्कार केला आणि हात पुढं केला. तात्यांनी टॉवेलानं चेहरा पुसला आणि पिकअपच्या पत्र्यावर बोटांनी दोनदा वाजवलं, गाडी सोडायची खूण.

चार माणसांचे चाळीस बाथ सुनीतानं लुंगच्या हातात दिले.