इस्त्रीवाला आणि इंटरनेट

माझ्या सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी मोडलं, आणि त्यासाठी खास कंप्युटर शिकलो.

शिकलो कसला! आमच्या विमा ऑफिसात कंप्युटर आले तेव्हा साहेबांनी पाच दिवसांच्या ट्रेनिंगला मला धाडलं, कारण त्या आठवड्यात माझ्या टेबलावर काम नव्हतं. (एरवीही नसायचं.) पण परतलो तो जाणकार होऊनच. साल अठ्ठ्याण्णव. जे. पी. नगरात आमच्या घराजवळ नुकताच सायबर कॅफे निघाला होता, आणि तिथे बसून जगातलं काहीही शोधता येतं हे घरात फक्त मला ठाऊक. माज चढला मला, दुसरा शब्द नाही.

तेव्हा मंगलसाठी दोन स्थळं होती. एक दत्ता, बेंगळुरातल्याच पीण्या या कारखान्यांच्या भागात एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करणारा. दुसरा शिरीष, अमेरिकेत कंप्युटरवाला, त्याचे मामा इथल्याच येलहंक्याचे.

आमच्या चार पिढ्या बेंगळुरात गेल्या, आणि इथल्या मराठी घरांतली कितीतरी लग्नं आमच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, चौकशीवर जमलेली. त्यांचा नियम एकच. मुलाकडच्यांनी ज्याचं नाव सुचवलं त्याला विचारायचं नाही, मुलाच्या इस्त्रीवाल्याला विचारायचं. दोन बस बदलून ते पीण्याला गेले आणि खूश होऊन आले. "पोरगा तेलाचे कपडे आधी स्वतः धुतो आणि मग इस्त्रीला टाकतो. त्या गरिबाची चादर खराब होऊ नये म्हणून. मला आणखी काही नको." मंगल आतूनच म्हणाली, मला चालेल. जी पोरगी साडीलासुद्धा कधी चटकन 'चालेल' म्हणाली नाही, ती म्हणाली.

इथे मी नाक खुपसलं. इस्त्रीवाल्याच्या भरवशावर बहीण द्यायची? कॅफेत जाऊन मी दत्ताचं नाव टाकलं. काही मिळालं नाही. मग इंग्रजीत पूर्ण वाक्य लिहून, 'कृपया' घालून, अदबीने विचारलं. तरी नाही. जगाला ज्याची खबरच नाही असला जावई! शिरीषचं नाव टाकलं तर अख्खं पान उघडलं. गाडीला टेकून पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला फोटो, खाली भलंमोठं पद आणि अभिप्रायांची वही. वहीत जॉन, रॉबर्ट आणि मायकेल असे तीन गोरे गृहस्थ शिरीषची तारीफ करून गेले होते. जॉनने तर लिहिलं होतं की शिरीष थोरामोठ्यांचा मान राखतो आणि लसूणसुद्धा खात नाही. सगळ्यात शेवटी आकडा: हे पान पाहणारे तुम्ही दोनशे बारावे.

मी सगळं घर कॅफेत नेऊन बसवलं. मंगलने ती वही दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "अण्णा, त्या जॉनला लसणाचं काय पडलंय?" तिकडची माणसं फार बारकाईने बघतात, असं मी तिला सुनावलं. पुढे रोज ऑफिस सुटलं की मी ते पान चार-पाचदा उघडायचो आणि घरी येऊन आकडा सांगायचो. दोनशे वीस. दोनशे पस्तीस. अडीचशे! बघणारे वाढताहेत, स्थळ हातचं जाईल, म्हणून अप्पांच्या मागे लागलो. आधी आई डळमळली, मग अप्पाही. एकीकडे एक इस्त्रीवाला, दुसरीकडे अडीचशे माणसं! दत्ताला नकार गेला. मंगल फक्त 'सरी' म्हणाली. आमच्या घरात भांडण मराठीत होतं. कानडीत 'सरी', म्हणजे 'बरं', म्हटलं की विषय संपला.

साखरपुड्याला शिरीष अमेरिकेहून रजा काढून आला, चॉकलेटं वाटली आणि गेला. संक्रांतीला अप्पा एळ्ळु-बेल्लाचा, म्हणजे तीळगुळाचा, डबा घेऊन त्याच्या मामांकडे येलहंक्याला निघाले. मला बरोबर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची गाडी दिसली आणि अप्पांचे पाय सवयीने तिकडे वळले. शिरीषचं नाव काढताच तो इस्त्रीवाला म्हणाला, आठ महिने झाले की शिरीष सार इथेच आहेत, हे काय त्यांचे कपडे. ढिगात वरच फोटोतला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट.

दार शिरीषनेच उघडलं, लुंगीवर. अमेरिकेतली नोकरी केव्हाच गेली होती. पान, पद, जॉन, रॉबर्ट, मायकेल, सगळं त्याने येलहंक्यातल्या कॅफेत बसून एकट्याने लिहिलं होतं. नोकरी काय, कुणाचीही जाते. पण खोटं बोलून मुलगी मागायची? अप्पांनी तिथेच लग्न मोडलं आणि डबा न उघडता परत आणला.

मी तणतणत कॅफे गाठला आणि मालकीण कमलक्कांना विचारलं, ती अडीचशे माणसंही माझ्यासारखी फसली काय? त्या शांतपणे म्हणाल्या, "ते पान दर वेळी उघडलं की आकडा एकाने वाढतो. रोज तर तुम्हीच उघडत होता. स्वल्प आधी विचारायचं."

तोवर दत्ताचं धारवाडच्या मुलीशी लग्न झालं होतं. मंगलने एका ऑफिसात नोकरी धरली. पुढची स्थळं ती बघायलाही तयार होईना.

त्या वर्षी दसऱ्यानंतर कानावर आलं की दत्ताने स्वतःचा कारखाना काढलाय, त्याचं इंटरनेटवर पानही आहे. मी जाऊन उघडलं. दत्ता आणि त्याची बायको लेथला हळदकुंकू वाहताहेत असा फोटो. अभिप्रायांची वही नाही, कुणी जॉन नाही. खाली आकडा फक्त चाळीस.

घरी मंगल तांदूळ निवडत बसली होती. मला काही पोटात ठेवता येत नाही. सांगून टाकलं की दत्ताच्या कारखान्याचं पान निघालंय, चाळीस जणांनी पाहिलंय.

ती मान वर न करता म्हणाली, "काल एकोणचाळीस होते."

त्या चाळिसांतला एक मी. बाकीचे कोण, हे कळायला मला इस्त्रीवाल्याकडे जावं लागलं नाही.