आतून लावायची कडी

वास्तुशांतीला लोक भिंतीवरचं घड्याळ देतात, नाहीतर स्टीलचे डबे. आमचे चौधरी सर न्हाणीच्या दाराची कडी द्यायचे. पितळेची, जाडजूड, स्क्रूंसकट वर्तमानपत्रात गुंडाळलेली. नुसती देऊन थांबतील तर ते सर कसले! "पहले न्हाणी दाखव बेटा, चहा कुठं पळून चालला?" असं म्हणत ते थेट घरात शिरायचे, न्हाणीत जाऊन दार ओढून घ्यायचे आणि असलेली कडी नीट लागते का, बाहेरून ढकललं तर टिकते का, याची परीक्षा घ्यायचे. पूजेला बसलेलं नवरा-बायकोचं जोडपं अवघडून एकमेकांकडे पाहत राहायचं. तेवढ्यात आतून आवाज यायचा, "ही हलते. ही नही चालणार. पेचकस आहे का घरात?"

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायची आणि त्यांच्याच शेजारी राहायची. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत होती. सर गेल्या वर्षी गेले. शाळेतल्या शोकसभेत सगळे त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाबद्दल भरभरून बोलले. कडीचा विषय निघाला तेव्हा एक-दोघे हसले, म्हातारपणी माणूस थोडा चळतो असं काहीतरी कोणी म्हणालं. मला राग आला. सर चळले नव्हते. त्यांना काय झालं होतं ते मला माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तरुणपणी सर फार छान दिसायचे आणि त्याहून छान बोलायचे. मूळचे दापोऱ्याचे, केळीवाल्या घरातले, पण शेतात रमले नाहीत. बुऱ्हाणपुरात येऊन त्यांनी इतिहास धरला आणि इतिहासातही किल्ल्यातला हमाम, म्हणजे शाही न्हाणीघर. बाहेरगावचा पाहुणा कोणाकडेही येवो, त्याला हमाम दाखवायचं काम सरांचं. खाली उभं राहून ते आधी वर पाहायला लावायचे, छताच्या नक्षीकडे. मग हात पसरून सांगायला लागायचे. पाणी कुठून यायचं, मातीच्या नळांतून कसं फिरायचं, गरम कुठलं, थंड कुठलं, गुलाबपाणी कुठं पडायचं. "राजाचं राज्य पाहायचं असेल तर दरबार नका पाहू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "राजाची न्हाणी पाहा!" तिथून त्यांची गाडी जगभर फिरायची. नदीचा घाट, विहिरीचा काठ, स्वयंपाकघरातली मोरी, परसातली न्हाणी, तांब्याचा बंब, आणि शेवटी हल्लीचं खोलीला चिकटलेलं बाथरूम. "बायको बदलणार नही, पण न्हाणी बदलते," असा एक विनोद ते मधेच करायचे. पुरुष पाहुणे खो खो हसायचे.

आणि घरी? घरी न्हाणी नव्हती. परसाच्या कोपऱ्यात हौदाजवळ एक फरशी टाकलेली होती आणि तारेवर जुन्या लुगड्याचा पडदा. बस. सर तिथंच पंचा नेसून, मोठ्यानं स्तोत्र म्हणत, उघड्यावर आंघोळ करायचे. त्यांना पडदाही लागत नसे. पैसे नव्हते असंही नाही. पण सुट्टी आली की प्रवास, पगार आला की पुस्तकं, आणि न्हाणीचं "पुढच्या वर्षी पाहू". वाईट मनानं नव्हे हो, मनातच आलं नाही. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कधी मागितली नाही. काकू उजाडायच्या आत आंघोळ उरकून कुंकू लावून चुलीपाशी असायच्या. त्या आंघोळ कधी करतात हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं.

एकदा काकूंची बहीण कमलमावशी तुकईथडहून आली. तिला हमाम पाहायचा होता आणि तिनं काकूंना ओढूनच बरोबर नेलं. मीही होते. इतकी वर्षं बुऱ्हाणपुरात राहून काकूंनी तो पहिल्यांदाच पाहिला. सरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. नक्षी झाली, नळ झाले, गुलाबपाणी झालं. काकू पदर सावरत सगळीकडे फिरल्या, भिंतीला हात लावून पाहिला, मग म्हणाल्या, "हे सर्व चांगलं हाय. पन दार कुठं होतं?"

"दार कशाला पाहिजे? सगळा जनाना. बाहेर पहारे," सर म्हणाले.

"पहारा बाहेरून असते. त्या बाईले आतून कडी लावता ये का?"

आम्ही सगळे हसलो. मावशी तर पोट धरून हसली. सर मात्र हसले नाहीत; हे त्यांनी कधी शोधलंच नव्हतं. परत येताना ऑटोत ते तोंड फिरवून बसले. मला वाटलं, बायकोनं चारचौघांत अडवलं म्हणून रुसले असतील.

दुसऱ्या दिवशी शाळेत ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. डोळे तांबारलेले. दाराआडून बोलावं तसे हळू बोलले. म्हणाले, "आज मी लवकर उठलो. खिडकीतून पाह्यलं. वारा होता. पडदा उडत होता. तिच्या एका हातात पडद्याचं टोक होतं आणि दुसऱ्या हातात तांब्या." मग म्हणाले, "ही बाई लग्न झाल्यापासून एका हातानं आंघोळ करते, वंदना. आणि मी लोकाइले नळ दाखवत फिरतो." तास सुरू व्हायची घंटा झाली आणि ते तसेच वर्गावर गेले.

त्या उन्हाळ्यात सरांनी न्हाणी बांधायला काढली. साधं काही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहून त्यांनी पाण्याचा उतार काढून घेतला, पाय घसरू नये म्हणून खरखरीत फरशी आणली, बसायला कट्टा केला, गीझर लावला. आणि छताच्या मधोमध एक गोल झरोका ठेवला, त्यात रंगीत काच. "हमामात उजेड असाच वरून उतरायचा!" मला दाखवताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. काकूंना काय वाटतं, असं मी विचारलं. "चांगली झाली," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता माझी गच्ची त्यांच्या न्हाणीच्या छताहून उंच. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले की तो रंगीत गोल मला खाली दिसायचा, आणि परसातल्या दोरीवर एक परकर आणि पोलकं, टपटप गळत असलेलं. रोज. पहिले काही दिवस माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. धुतलेले कपडे पिळून वाळत घालतात. अंगावरच भिजलेले कपडे अंधारात घाईघाईनं सोडून टाकले की असे गळतात. काकू नव्या न्हाणीतही कपड्यांनिशी आंघोळ करत होत्या.

मी त्यांना विचारलं. आधी त्या लाजल्या, मग चिडल्या, मग माझा हात धरून म्हणाल्या, "अव, वर तो डोळा ठेवला त्याइनं. कोणी वरून पाह्यलं म्हंजे? अन् कोणी नसलं तरी ढग पाह्यतात. अन् खरं सांगू का? कपडे सोडून आंघोळ कशी करतात, मले माहीतच नाही. माहेरी नदी होती, अठी पडदा. आता भिंतीची बी लाज वाटते व माय."

"मग सरांना सांगा ना!"

"नको! तू बी सांगू नको. मोठ्या हौसेनं केलं त्याइनं."

मी सांगितलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ही राहू नये असंच मला वाटलं. सर अंगणात खुर्चीवर बसून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी दोरीकडे पाहिलं. तो परकर तिथं इतके दिवस टांगलेला होता आणि त्यांनी तो आज पाहिला. "पुन्हा मी माझंच बांधलं," एवढं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची वाटही न पाहता ते शिडी लावून वर चढले, काच काढली आणि झरोका सिमेंटनं बुजवून टाकला. उन्हात बसून, घामाघूम होऊन. मी गच्चीवरून पाणी नेऊन दिलं तर घेतलं नाही.

झरोका बुजला, दाराला पितळेची कडी बसली, तरी परकर गळतच राहिला. काकू आत जायच्या काय आणि बाहेर यायच्या काय, बादलीसुद्धा अर्धी भरलेली नसायची. सरांनी एकदा मला विचारलं, "आता काय राह्यलं, बेटा?" त्यांना खरोखर माझ्याकडून उत्तर हवं होतं. राहिलं काहीच नव्हतं. जे द्यायचं ते द्यायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, आणि हे त्यांनाही कळत होतं. काकूंच्या तोंडी तक्रारीचा शब्द नव्हता. तेच त्यांना जास्त लागायचं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे.

तेव्हापासून कड्या वाटणं सुरू झालं. हमाम दाखवणं त्यांनी सोडून दिलं. नवं लग्न झालेल्या मुलींना ते न्हाणीपाशी बोलावून म्हणायचे, "कडी लावत जा. सासू हाका मारेल, मारू दे." मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. पोरींच्या सासवा नाक मुरडायच्या. एका घरात तर त्यांना सरळ सांगितलं गेलं, सर, तुम्ही मास्तर, तुम्हाला हे शोभत नाही. ते मान खाली घालून बाहेर आले, आणि कडी ओट्यावर ठेवून आले.

काही वर्षांनी काकू गेल्या, थंडीत, झोपेतच. घर बायकांनी भरलं. नवरा मागे ठेवून गेली, भाग्याची गेली, असं जी येईल ती म्हणत होती. सर कोपऱ्यात भिंतीला टेकून ते ऐकत होते. दरवेळी हा शब्द आला की त्यांचा चेहरा आणखी पडायचा. शेवटच्या आंघोळीची वेळ झाली. आमच्याकडे ती अंगणात घालतात. पाटावर बसवतात आणि चारी बाजूंनी बायका लुगडी धरून उभ्या राहतात. पाणी तापलं, हळद भिजली, दोघीतिघींनी लुगडीही उलगडली.

सर उठले. म्हणाले, "पडद्यात नही."

कोणाला काही कळेना. भाऊकीतले एक म्हातारे काका म्हणाले, "अरे, रीत आहे. मयताले घरात आंघोळ घालत नाही. वास्तू बाटते."

"बाटू द्या," सर म्हणाले. "तिले न्हाणीत घेऊन चला."

काका पुढे काही बोलले, सरांनी ऐकलं नाही. आम्ही काकूंना उचलून न्हाणीत नेलं. आत जागा कमी, म्हणून मी आणि कमलमावशी दोघीच थांबलो. कट्ट्याला टेकवून त्यांना बसवलं. बाहेर पुरुषांची घाई चालली होती, उन्हं चढायच्या आत निघायला हवं, तापीवर लाकडं पोचली, गाडी उभी आहे. कोणीतरी दारावर थाप मारली, "आटपा वो बायांनो, उशीर होऊन राह्यला."

तेव्हा दाराला लागूनच सरांचा आवाज आला. ते दाराला पाठ लावून उभे असावेत, कारण आवाज आमच्याकडे नव्हता, बाहेरच्यांकडे होता. "कोणी घाई करायची नाही," ते म्हणाले. "तिनं जन्मात कधी सावकाश आंघोळ केली नाही. माझ्यामुळं. आज होऊ द्या."

मावशीनं तांब्या भरला आणि काकूंच्या खांद्यावरून पाणी हळूहळू सोडलं. पाणी संपलं तेव्हा आम्ही आणखी मागवलं.