साडूभाऊंची डावी पेटी

सरळ चाललेलं आयुष्य स्वतःच्या हाताने, आवडीने आणि अपार कष्टाने अवघड करून घेतलेला माझ्या साडूंसारखा दुसरा माणूस भोर तालुक्यात नाही, आणि वेल्ह्यात शोधायला गेलात तर नुसते डोंगर हिंडून परत याल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे भोंगवलीचे, आता भोरला घर बांधून राहिलेले. नोकरीभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. भर उन्हात, दोन रागावलेल्या भावांच्या मधोमध उभं राहून, बांध नक्की कुठं आहे ते शांतपणे सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. खिशात कायम टेप. आमच्या लग्नात त्यांनी मांडव मोजून मांडववाल्याला सांगितलं होतं की तुमचा मांडव शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर गेलाय. आमच्याकडे पुण्याला आले की चहा येईपर्यंत हॉलची रुंदी घेतात. ती दर खेपेला त्यांना मागच्यापेक्षा किंचित कमी भरते, मग ते माझ्याकडे संशयाने बघतात.

अशा माणसाने निवृत्तीनंतर गुलाब लावावेत, फार तर गुलाबांमधलं अंतर मोजावं. पण पुण्यात त्यांच्या ओळखीच्या एकांचा जुना बंगला पाडायला निघाला, आणि तिथल्या अडगळीत साडूभाऊंना स्पीकरची एक जोडी दिसली. कमरेएवढ्या उंच लाकडी पेट्या, समोर जाळीचं कापड. एकीच्या डोक्यावर मनीप्लांटची कुंडी होती, दुसरीवर मांजर. कुंडी आणि मांजर उतरवून ते पेट्या घेऊन थेट स्वारगेटला आले.

“आजोबा, ही कपाटं मागं टाका,” कंडक्टर म्हणाला.

“कपाटं न्हाईत. हाय-फाय हायेत.”

“काय बी असू द्या. मागं टाका.”

पेट्या मागे गेल्या, म्हणून साडूभाऊही मागेच जाऊन बसले, दोन्हींच्या गळ्यात हात टाकून. कापूरहोळ सोडल्यावरच्या वळणांवर एकीला सावरलं की दुसरी त्यांच्या खांद्यावर मान टाकायची. भोरच्या स्टँडवर उतरले तेव्हा नव्या नवरीला घेऊन आल्यासारखे लाजत होते, असं अक्का सांगतात. अक्का म्हणजे माझी मेहुणी. त्यांना हे सांगताना अजून हसू येतं. त्या वेळी आलं नव्हतं.

घरी आल्यावर पेट्या उघडल्या. मोठ्या स्पीकरच्या भोवतीची स्पंजाची कड इतकी जुनी झाली होती की बोट लावताच जळक्या पापडासारखी भुगा होऊन खाली पडली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. साडूभाऊंचा चेहरा उजळला. “म्हंजी आपल्याला वाव हाय!” त्यांनी मला फोनवर सांगितलं. नुसती दुरुस्ती त्यांना नको होती. मूळ बनवणाऱ्याने काय काय चुका केल्या आहेत ते शोधून पेट्या नव्याने आखायच्या, असा बेत होता. तोवर त्यांनी घरात विजेचं म्हणावं असं एकच काम केलं होतं, बॅटरीचे सेल उलटे घालून मग सुलटे घालणं. पण मोबाईलवर एक परदेशी दाढीवाला या विषयावर तासन्‌तास बोलतो, हे त्यांना समजलं होतं. त्याचं इंग्रजी फार भरभर, म्हणून ते त्याला संथ वेगावर लावायचे. घरात दिवसभर कुणीतरी तापात बरळत असल्यासारखं वाटायचं. अक्कांच्या एका मैत्रिणीने तर “पेशंट कसा आहे?” असं दारातूनच विचारलं होतं.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी मला एका वाक्यात समजावली. स्पीकरच्या पेटीत म्हणे एक छोटी जोडणी असते, ती जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे पाठवते. “पाव्हणं, हा निव्वळ बांध हाय,” साडूभाऊ म्हणाले. “खालच्याचं पाणी खाली, वरच्याचं वर. बांध सरकला की भावकी भांडाय लागली.” असा बांध घालायचं त्यांनी मनावर घेतलं आणि तारांना सोल्डरिंगचा डाग देताना पहिल्याच दिवशी आपला अंगठा, टेबलावरचं प्लास्टिक आणि अक्कांच्या भिशीतल्या साडीचा पदर, एवढ्यांना डाग दिला. पेटीच्या आत कापूस भरावा लागतो असं दाढीवाल्याने सांगितल्यावर पाहुण्यांच्या गादीचं पोट फाडलं. त्या गादीवर मी झोपतो. पेटीतून हवा बाहेर यायला पाइपचा तुकडा बसवायचा होता, त्यासाठी आम्ही दोघं बाजारातल्या प्लंबिंगच्या दुकानात गेलो.

“बोअरला पायजे का नळाला?” दुकानदाराने विचारलं.

“आवाजाला.”

दुकानदाराने हातातला पाइप खाली ठेवला. शेजारी पंपाचा फूटव्हॉल्व्ह घ्यायला आलेले एक शेतकरी होते. ते म्हणाले, “आमच्या हितं तर पायपातनं नुसता आवाजच येतोय. पाणीच न्हाई. तसला देऊ का आणून?”

साडूभाऊंना ते पटलं. त्यांनी खरोखर त्या शेतकऱ्यांचं गाव विचारून घेतलं.

पेट्या जोडून झाल्यावर चाचणी सुरू झाली. मोबाईलवर एक आवाज मिळतो, तो अगदी खालच्या घुमण्यापासून सुरू होऊन चढत चढत शिट्टीपर्यंत जातो. तो पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारचे गृहस्थ तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर धावले आणि त्यांनी आपल्या पाण्याच्या मोटरचं बटण बंद केलं. आवाज तरीही चढतच राहिला. तेव्हा त्यांनी मेन स्विच बंद केला आणि देवाचं नाव घेतलं. त्यानंतर साडूभाऊ चाचणीआधी भिंतीवरून आवाज देऊ लागले, “मोटर तुमची न्हाई, माझी हाय!”

बारीक आवाजांची परीक्षा मात्र त्यांनी स्वतः शोधून काढली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. ती होती अक्कांची फोडणी. मोबाईल कढईजवळ धरून ते मोहरी तडतडण्याचा आवाज घ्यायचे. त्या वेळी अक्कांनी बोलायचं नाही, बांगड्या वाजवायच्या नाहीत, आणि ठसका लागला तर मागच्या दारी जाऊन खोकायचं. “मोहरीचा दाणान्‌दाणा वेगळा ऐकाय आला पायजे,” ते म्हणायचे. “तवा ती पेटी खरी.”

उजव्या पेटीतून दाणान्‌दाणा येत होता. डावी मुकी होती. साडूभाऊ डावीचा बांध काढून पुन्हा घालायचे, छोटा स्पीकर बदलायचे, कापूस कमी करायचे, मोहरी लावायचे आणि मान हलवायचे. असे बरेच दिवस गेले. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मला दोन्ही पेट्यांच्या मधोमध खुर्ची मोजून बसवलं आणि बटण दाबलं. डाव्या पेटीतून जो आवाज आला तो मी कसा सांगू? पत्र्यावर खिळे ओतावेत तसा. माझे दात शिवशिवले. बायको मुलीला घेऊन अंगणात गेली. साडूभाऊ मात्र कान पुढे करून खिन्नपणे बसले होते. “अजून उघडंना झालीय,” ते म्हणाले.

पाणी प्यायला आत गेलो तेव्हा अक्का ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. “पाहुणे, तुम्हाला पण डावीकडचंच कर्कश लागतंय ना?” त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पदराने हात पुसले आणि पुसतच राहिल्या. “मी डाव्या बाजूनं हाक मारली की हे वळत नाहीत. आधी वाटलं, नादात आहेत. परवा रस्त्यावर मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवत होता. हे चाललेत आपले. मी ओढलं म्हणून. डॉक्टरकडे चला म्हटलं की पेटीचं काम राहिलंय म्हणतात. तुम्ही बोला.”

मी गच्चीवर गाठलं त्यांना. खाली वाळत घातलेले पोहे होते, त्यांच्या कडेने ते फिरत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “साडूभाऊ, एकदा डावी पेटी उजवीकडे ठेवून बघूया.”

ते थांबले. मग खाली बसले, पोह्यांच्या कडेलाच.

“बघितलीय ठिवून,” ते म्हणाले. “तीन आठवडं झालं. उजवी डावीकडं ठिवली तर ती मुकी झाली. म्हंजी पेटी न्हाई पाव्हणं. म्या.”

“मग इतके दिवस पेटीच का उघडताय?”

“पेटी दुरुस्त हुतीय,” ते म्हणाले. “कान कुठं हुतोय?”

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील याच वयाचे असताना त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, आधी एका कानाने, मग दोन्ही. भोंगवलीच्या घरात सुरुवातीला सगळे ओरडून बोलायचे, मग हातवारे करायचे, मग नुसतं ताट पुढे सरकवायचे. “म्हातारा ओट्यावर बसून सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचा. कुणी हसलं की आपण बी हसायचा. कशाला हसतुय ते म्हाईत न्हाई, तरी हसायचा.” साडूभाऊंनी एक पोहा उचलून बोटात चुरडला. “म्हनलं, जायाच्या आधी एकदा झ्याक ऐकून घ्यावं सगळं. म्हनून घाई.”

त्यांना हिशेबाने, मापाने बोलताना मी आयुष्यभर ऐकलं होतं. असं कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना हात धरून उठवलं आणि म्हटलं, दुकानं-दवाखाने उघडले की पहिल्या दिवशी आपण पुण्याला कानाच्या डॉक्टरकडे जायचं, बाकी काही बोलायचं नाही. आश्चर्य म्हणजे ते बोलले नाहीत.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. वाट बघायच्या खोलीत साडूभाऊंनी खिशातला टेप एकदाही बाहेर काढला नाही, त्यावरून आम्हाला त्यांच्या मनाची अवस्था कळली. अक्का पर्सचा बंद पिळत होत्या. आत गेल्यावर डॉक्टरांनी डाव्या कानात दिवा घालून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, “काका, कानात कापूस कधी घातला होता?”

साडूभाऊंनी उजवा कान पुढे केला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ते आठवू लागले, आणि अक्कांनी एकदम तोंडावर हात ठेवला. पेट्यांच्या फळ्या कापताना करवतीचा आवाज सहन होत नव्हता, तेव्हा त्यांनी गादीतलाच कापूस दोन्ही कानांत कोंबला होता. उजव्यातला निघाला. डाव्यातला बोळा निघाला, पण त्याचा एक तुकडा आतच राहिला, आणि त्याच्याभोवती मळ साचून त्याचं छान बूच झालं होतं. डॉक्टरांनी थेंब टाकले, थोडा वेळ थांबल्या आणि मग चिमट्याने ते बाहेर काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. करवंदाएवढं होतं. मी ज्या गादीवर झोपतो तिचा एक अंश मी तिथे ओळखला.

साडूभाऊंनी मान वळवली. मग वर पाहिलं. “पंखा करकरतोय तुमचा,” ते डॉक्टरांना म्हणाले.

अक्का जोरात म्हणाल्या, “अहो, ऐकू येतंय का?”

“वरडतीस कशाला?” साडूभाऊ म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. अक्का हसायला आणि रडायला एकाच वेळी लागल्या, मला दोन्ही जमेना म्हणून मी ट्रेकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी नंतर यंत्रावर दोन्ही कान तपासले. वयाप्रमाणे जेवढं कमी व्हायचं तेवढं झालंय, बाकी ठणठणीत, असं म्हणाल्या. साडूभाऊंनी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. खाली रस्त्यावर आलो तर रिक्षा, भोंगे, फेरीवाले, सगळा कल्लोळ. माणसं बागेत उभी राहतात तसे ते त्या चौकात उभे राहिले.

भोरला पोचताच त्यांनी पेट्या लावल्या आणि पुढच्याच क्षणी झडप घालून बंद केल्या. “कुणी केलंय हे?” ते खरोखर रागाने म्हणाले. मग स्वतःच शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागून आले. पुढचे काही महिने त्यांनी डाव्या पेटीत जे जे घातलं होतं ते ते काढलं. आता दोन्ही पेट्या हॉलमध्ये आहेत आणि फार गोड वाजतात. मला त्यातलं काही समजत नाही, पण परवा ऐकताना तंबोऱ्याच्या तारा कुणीतरी खोलीतच छेडतंय असं वाटून मी मागे वळून पाहिलं.

त्या दिवशी निघताना अक्का मागच्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी निरोप घ्यायला गेलो तर त्या फारच हलक्या आवाजात बोलत होत्या, मलाच वाकावं लागलं. बरं नाही का, असं मी विचारलं.

“बरी आहे की,” त्या म्हणाल्या. “यांना कमी ऐकू यायचं तेव्हा मी घरभर ओरडायचे, आणि हे लांबूनच हं हं करायचे. आता मुद्दाम हळू बोलते. नीट ऐकू आलं नाही म्हणून उठून जवळ येतात. आणि आले की मग बसतात.”

एवढ्यात त्या आतल्या दिशेने पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाल्या. हॉलमधलं गाणं थांबलं. साडूभाऊ दारात आले, “काय म्हनलीस?” असं विचारत अक्कांच्या शेजारी पायरीवर टेकले आणि सुपातल्या मूठभर शेंगा त्यांनी आपल्या मांडीवर ओढल्या. अक्का काय म्हणाल्या होत्या ते त्यांनी सांगितलंच नाही, आणि साडूभाऊंनीही पुन्हा विचारलं नाही. माझ्या एस.टी.ची वेळ होत आली होती. चपला पायातच होत्या, तरी मी थोडा वेळ त्या शोधत राहिलो.